उंबऱ्याबाहेरचे पाय

आमची खोली माझ्या बापापेक्षा आखूड होती. थट्टा करत नाही, खरंच सांगतो. उल्हासनगरच्या कॅम्पातली बराक म्हणजे लष्कराने बांधून सोडून दिलेली लांबच लांब एक इमारत, वर एकच कौलारू छप्पर आणि खाली भिंती घालून पाडलेल्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत सिंधी मालकाने मधोमध पत्रा ठोकला आणि पुढचा अर्धा भाग आम्हाला भाड्याने दिला. त्यात आईची चूल, पाण्याचा पिंप, ट्रंक, पापडाच्या पिठाचा डबा, आणि उरलेल्या जागेत आम्ही माणसं. बाप अंबरनाथच्या कारखान्यात, कायमचा रातपाळीला. सकाळी सायकल दामटत यायचा, आंघोळ करून भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. डोकं पिंपाला टेकलं की पाय उंबऱ्याच्या बाहेर. पोटऱ्यांपासून खालचा बाप दिवसभर बराकीच्या ओट्यावर पडलेला असायचा.

ते पाय सगळ्या बराकीला माहीत होते. टाचांना भेगा, भेगांत कारखान्याची पांढरी भुकटी कायमची बसलेली, उजव्या अंगठ्यावर कधीतरी पिंप पडून नख गेलेलं, ते पुन्हा आलंच नाही. नवीन माणूस पत्ता विचारत आला तर लोक सांगायचे, सरळ जा, पाय दिसले की तेच घर. शेजारची सिंधी अम्मा ओट्यावर खाट टाकून पापड वाळत घालायची. माझी आईही तिच्यासाठीच पापड लाटायची. अम्माला त्या पायांचा जाच व्हायचा. "अड़े भाऊ, टांगें अंदर लो ना, मैं पापड़ कहाँ सुखाऊँ?" असं ती रोज ओरडायची. बाप झोपेतच एक पाय बाजूला घ्यायचा, अम्मा खाट सरकवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिंती छपरापर्यंत गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे एका खोलीतलं भांडण, दुसरीतल्या कोकीचा, म्हणजे सिंधी जाड रोटीचा, कांद्याचा वास आणि तिसरीतला रेडिओ हे सगळं वरून फिरत आमच्या अंगावर यायचं. त्यात आईच्या लाटण्याची खटखट. या सगळ्यात बाप घोरायचा. आईला मात्र लाज वाटायची. तिने एकदा दाराला गोणपाट लावून पाहिलं. बापाने घामाने भिजून ते ओरबाडून काढलं.

"अहो, लोक बघतात."

"बघू दे. पायच हायेत. चोरून आणलेत का?"

तर असा माझा बाप. त्याला लाज नावाची गोष्ट माहीत नव्हती. ती त्याला शाळेने शिकवली. शाळेत जायचो मी, पण ती वाट्याला आली त्याच्या. ते सांगायलाच हे प्रकरण लिहितोय.

आमची शाळा म्हणजे दोन बराकी पुढची मराठी शाळा. तिचे मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, दर शनिवारी चित्रकला स्वतः शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात पाच-सहा पक्षी. हा देखावा ते काढायचे आणि आम्ही उतरवायचो. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. वर्गाच्या खिडकीतून मलंगगड समोर दिसायचा, वेडावाकडा, सुळका कुणी दाताने तोडल्यासारखा. त्याच्याकडे पाठ करून गुरुजी त्रिकोण काढायचे आणि आम्हीही मलंगगडाकडे न बघता त्रिकोण काढायचो. कुणाचा डोंगर जरा वाकडा झाला की पट्टी. कुणी पक्षी जास्त काढले तरी पट्टी. नारळाचं झाड बराकीत कुणाच्याही दारात नव्हतं. त्या माणसाने कितीतरी वर्षं किती पोरांना तेच चित्र काढायला लावलं असेल, आणि त्यातलं एकही पोर आयुष्यात पुन्हा कधी पेन्सिल हातात धरणार नाही याची व्यवस्था केली असेल. आणि लोक त्यांना कलाप्रेमी म्हणायचे.

तेव्हाचे तसे, आणि आत्ताचे काही सुधारलेत असं समजू नका. परवा चिखलोलीला माझ्या नातीच्या शाळेत गेलो होतो, चित्रांचं प्रदर्शन म्हणून. काचेची दारं, गार हवा, बोलायला माइक. भिंतीवर हत्ती. प्रत्येक कागदावर तोच एक छापलेला हत्ती, आणि प्रत्येकावर कापसाचे बोळे चिकटवलेले. मुख्य मॅडम बोलल्या की कला मुलांची कल्पनाशक्ती फुलवते, कॉन्फिडन्स देते, आणि सगळे आईबाप फोन वर धरून उभे. मी मधेच विचारलं, "मॅडम, यातला आमच्या पोरीचा हत्ती कुठला?" त्या हसल्या आणि एकेक कागद उलटून मागचं नाव शोधायला लागल्या. मुलगा माझा दंड धरून म्हणाला, "पप्पा, चला ना." घरी आल्यावर कळलं की कापूससुद्धा सुनेने चिकटवला होता. पोरीने फक्त कागद नेऊन दिला. ही यांची कल्पनाशक्ती! माल तोच, डबा नवा.

असो. एका वर्षी आम्हाला म्हात्रेबाई आल्या. बदलापूरजवळच्या चामटोलीच्या. घरी भाताची शेती, आणि बाई रोज तिथून शाळेत यायच्या. मोठे गुरुजी त्यांना आमच्यादेखत "शेतावरून आलात का?" म्हणून विचारायचे. बाई म्हणायच्या, "हो गुरुजी, तुम्ही?" आणि पुढे जायच्या. एका शनिवारी गुरुजी कुठे मीटिंगला गेले आणि चित्रकलेचा तास बाईंकडे आला. बाई म्हणाल्या, आपापलं घर काढा. आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून झोपडी, नदी, नारळ काढला. बाई बाकांमधून फिरल्या. मग एकाचा कागद उचलून आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "ह्या कोनाचा घर हाय रं?" पोरं आपापला कागद हाताने झाकायला लागली. "कुणाचंच नाही? मग एवढ्या सगळ्यांनी एकाच परक्या माणसाचं घर काढलंत?" वर्ग हसला. बाईंनी सांगितलं, घरी जा, दाराबाहेर बसा आणि बघा. पेन्सिल घेऊ नका. नुसतं बघा.

मी बसलो. रोजचंच घर, पण कुणी बघ म्हणून सांगितल्यावर ते वेगळंच दिसायला लागलं. सोमवारी बाईंनी सगळ्यांना मोठे कोरे कागद दिले. रंग कुठले असणार? कुणी कोळसा आणला, कुणी गेरू, कुणी हळद, कुणी आईच्या धुण्यातली नीळ. मी कोळसा आणि गेरू घेतला. मी वर्गात शेवटच्या रांगेत बसणारा, विचारलं तरी न बोलणारा पोरगा. माझं येणं-न येणं गुरुजींना हजेरीपुरतं माहीत. मी दार काढलं. दारात पाय काढले. पाय काढता काढता एवढे झाले की दार मागे राहिलं आणि पायच पुढे आले. बाई माझ्याजवळ थांबल्या.

"हे काय?"

"पाय."

"कुणाचे?"

"आबांचे." बापाला आम्ही आबा म्हणायचो.

"आणि बाकीचे आबा?"

"आत. झोपलेत."

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "एवढे मोठे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "शाळेतून घरी जाताना आधी तेच दिसतात. मग घर."

"मग बरोबर आहे," असं म्हणून बाई पुढच्या पोराकडे गेल्या. बास, एवढंच. पाठीवर हात नाही, शाबासकी नाही. पण त्या शाळेत मला 'बरोबर' असं पहिल्यांदा कुणी म्हणालं, आणि तेसुद्धा मी स्वतः बघितलेल्या गोष्टीला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो की उडत, मला आठवत नाही.

मग बाईंनी सगळी घरं भिंतीवर एकाला एक जोडून लावली आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी बराक तयार झाली. घरून करून आणलेली कणकेची खळ त्यांनी अशी चोपडली होती की कागद भिंतीला आणि एकमेकांना कायमचे धरून बसले. कुणाच्या दारात शेळी, कुणाच्या घरात शिवणयंत्र, कुणाची आजी दातांना मिश्री लावतेय. माझ्या शेजारी गण्याचं घर होतं. गण्याचा बाप ठेकेदार, शाळेच्या ऑफिसातला पंखा त्याने दिलेला. गण्याने आपल्या घरात तो पंखासुद्धा काढला होता.

तेवढ्यात तपासणीची बातमी आली. शिक्षण खात्याचे साहेब येणार. मोठे गुरुजी भिंतीपुढे उभे राहिले आणि त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्यांच्या देखाव्यांची जागा आमच्या शेळ्यांनी आणि आज्यांनी घेतली होती. पण पायांपाशी आले तेव्हा त्यांना कारण सापडलं.

"हे काय घाणेरडं? काढा हे."

बाई म्हणाल्या, "निघणार नाही गुरुजी. शेजारचं फाटेल."

गुरुजींनी नखाने कोपरा उचकटून पाहिला. गण्याच्या घराची भिंत टरकायला लागली. ठेकेदाराच्या घराला हात लावायची त्या शूर माणसाची हिंमत नव्हती. हात मागे घेतला आणि मला पुढे बोलावलं. चुन्याची वाटी हातात दिली आणि म्हणाले, "पायांवर चुना फिरव, आणि तिथे तुळशीवृंदावन काढ."

मी म्हणालो, "आमच्याकडे तुळस नाही."

नव्हतीच. आमच्या घरात देव नव्हते, देव्हारा नव्हता, आईबापांनी ते सगळं सोडलं होतं, आणि गुरुजींना हे चांगलं ठाऊक होतं.

"चित्रात काढायला काय जातं तुझं?"

"बाईंनी आपलं घर काढायला सांगितलंय."

"तोंड वर करून बोलतोस? काढतोस की नाही?"

"नाही काढणार."

माझं मलाच ऐकून आश्चर्य वाटलं. हातावर पट्ट्या बसल्या, त्यांचं काही नाही, पापडाचं पीठ कुटून हात तयार होते. पण गुरुजी म्हणाले, "उद्या बापाला घेऊन ये. नाही पुसलंस तर नाव कमी करतो," आणि मग मात्र मी घाबरलो. नाव कमी होण्याची भीती नव्हती. बाप ते चित्र बघणार ही भीती होती. माझ्या बापाने शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. तो मास्तरांना देव मानायचा. एक तोच देव त्याने सोडला नव्हता. शाळेतल्या भिंतीवर आपले भेगाळलेले पाय आपल्याच पोराने टांगलेत हे बघून त्याला काय वाटेल? तो मला पुसायला लावेल, मग मला पुसावं लागेल, आणि बाई म्हणाल्या होत्या ते 'बरोबर' खोटं ठरेल.

बाप पाळी सुटल्यावर तसाच आला. हातात डबा, डोळे लाल. चपला वर्गाबाहेर काढल्या. गुरुजींना वाकून नमस्कार केला. गुरुजींनी चित्राकडे बोट दाखवलं. "बघा तुमच्या चिरंजिवांची कला. देवघर नाही, देव नाही, आणि दारात काय, तर पाय! उद्या साहेब येणार. काय म्हणतील?"

बाप चित्राजवळ गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघायला घाबरत होतो म्हणून त्याच्या पायांकडे बघत होतो. भिंतीवर ते, आणि खाली हे.

"माझे?" त्याने मला विचारलं.

"हो."

"नख नाही काढलंस."

"नाहीच आहे ना."

"हां," बाप म्हणाला. मग गुरुजींकडे वळला. हात जोडलेलेच होते. "गुरुजी, हे खरं हाय. खरं पुसायला मी पोराला कसं सांगू? नाव कमी करायचं तर करा."

गुरुजींचा आवाज चढला. "अहो, तुम्हाला लाज नाही वाटत? सगळ्या गावाला पाय दाखवत झोपता?"

"धुऊन झोपतो, गुरुजी," बाप म्हणाला. चपला घालून निघून गेला.

नाव कमी झालं नाही. तपासणीला पटावर पोरं कमी दिसली असती, म्हणून. हे त्यांचं शौर्य. आणि ज्या साहेबांसाठी एवढा तमाशा केला ते साहेब आले, ऑफिसात ठेकेदाराच्या पंख्याखाली बसले, बटाटेवडे खाल्ले, वर्गात डोकावून "छान" म्हणाले आणि गेले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बैलसुद्धा गोठ्यात शिरताना भिंतीकडे बघतो.

मी जिंकलो असं मला वाटलं. पण शाळेतून आला त्याच सकाळी बापाने आंघोळ केली, भाकरी खाल्ली, ट्रंक उघडली आणि कारखान्यात मिळालेले जाड खाकी मोजे काढून पायात चढवले. मग झोपला. दिवस चैताचे, वर कौलं तापलेली, आणि बाप मोजे घालून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अम्मा दारात येऊन कुजबुजली, "अड़े, भाऊ को बुखार है क्या?" बाप कूस बदलत राहायचा. त्याचं घोरणं थांबलं होतं, कारण त्याला झोपच लागत नव्हती. पाळीवर पेंगायला लागला, मुकादमाची बोलणी खायला लागला. गुरुजींपुढे तो वाकला नव्हता, पण त्यांचं ते एक वाक्य तो घरी घेऊन आला होता. मला मरेपर्यंत त्या माणसाचा राग येत राहील तो पट्टीबद्दल नाही. ज्याने कधी पाय लपवले नाहीत अशा माणसाला त्याने भर उन्हाळ्यात मोजे घालायला लावले.

काही लोक म्हणतील, पोरा, चित्र तूच काढलंस ना? काढलं. आणि पुन्हा काढीन. दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात होता. माझ्या कोळशात नव्हता.

बापाशी कसं बोलावं ते मला येत नव्हतं. आमच्यात बापाशी असल्या गोष्टी बोलायची रीतच नव्हती. मग एका दुपारी आई पाण्याला गेली असताना मी चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावर, बापाच्या खऱ्या पायांच्या भोवती चित्र काढायला बसलो. या वेळी बघून नाही. बघण्यासारखं तिथे काय होतं, दोन मोजे. मी मोज्यांतून वाफ काढली. वाफेचे ढग केले, ढग ओट्यावरून पार अम्माच्या खाटेपर्यंत नेले. खाटेवरचे पापड त्या वाफेवर आपोआप भाजून फुगलेले. अम्मा नाकाला पदर लावून, एका हाताने पापड उलटतेय. वरून कावळे पडतायत, पाय वर करून, चोची उघड्या. एक कावळा मी चष्मा घातलेला काढला, हातात पट्टी धरलेला. हे काहीच मी कधी पाहिलेलं नव्हतं. कुठून येत होतं कुणास ठाऊक, पण कोळसा थांबत नव्हता.

अम्मा पापड उचलायला आली आणि तिची नजर खाली गेली. आधी तिने स्वतःला ओळखलं. मग वाफ कुठून निघतेय ते पाहिलं. आणि मग अशी हसली, की हातातले पापड ओट्यावर सांडले. "हाय साईं! मर गए रे, सारे कौवे मर गए!" खोल्याखोल्यांतून बायका बाहेर आल्या. आई हंडा घेऊन परतली, तिने ते पाहिलं आणि हंडा ठेवून थेट लाटणं शोधायला आत गेली.

या गलक्याने बाप उठला. उठून बसला, डोळे चोळले. त्याच्या बाजूने चित्र उलटं होतं, म्हणून मान तिरकी करून बघायला लागला. मी कोळसा पाठीमागे लपवला.

"ही कोण? अम्मा?"

"हो."

"आणि हे कावळे का पडलेत?"

आई लाटणं घेऊन माझ्या डोक्यावर उभी होती. शाळेत गुरुजींपुढे फुटला होता तो आवाज मला पुन्हा फुटला.

"वासाने," मी म्हणालो.

बाप पुन्हा चित्राकडे बघायला लागला. चष्म्याच्या कावळ्यापाशी थांबला. त्याच्या मिशीचं एक टोक हललं. मग त्याने गुडघा वर घेतला, उजव्या पायातला मोजा सोलून काढला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"मेले असतील," तो म्हणाला. दुसरा मोजाही काढला, दोन्ही माझ्या अंगावर फेकले आणि पिंपाला डोकं लावून पुन्हा आडवा झाला. अम्मा खाट सरकवत ओरडायला लागली तेव्हा तो घोरत होता.